सैनिकाच्या शरीरातील गुंतवणूक

विशेष प्रतिनिधी

अफगाणिस्तानातील कंदाहारजवळ १७ एप्रिल २००२ च्या रात्री कॅनडाचे सैनिक तार्नाक फार्म या ठिकाणी गोळीबाराचा सराव करीत होते. आकाशातून जाणाऱ्या अमेरिकी एफ-१६ विमानाच्या वैमानिकाला वाटले, की जमिनीवरून आपल्यावर हल्ला होत आहे. त्याने सुमारे २२५ किलोचा लेसर-नियंत्रित बॉम्ब टाकला. मित्रदेशाचे चार सैनिक ठार झाले, आठ जखमी झाले. चौकशी सुरू झाली तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी एक वेगळाच मुद्दा पुढे आणला. वैमानिकांना दीर्घ उड्डाणात जागे राहण्यासाठी हवाई दलाकडूनच डेक्स्ट्रोअॅम्फेटामाइनच्या गोळ्या दिल्या जात होत्या. वैमानिकांच्या भाषेत त्यांना ‘गो पिल्स’ म्हणतात.

गोळ्या ऐच्छिक आहेत आणि सुरक्षितही आहेत, असे हवाई दलाचे म्हणणे होते. मात्र वैमानिकाकडून सही करून घेतल्या जाणाऱ्या संमतिपत्रातच, गोळी नाकारणाऱ्याला त्या मोहिमेसाठी उड्डाणास अपात्र ठरविता येईल, अशी तरतूद होती. गोळीमुळेच दुर्घटना घडली हे काही सिद्ध झाले नाही. वैमानिकाला २००४ मध्ये कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दंड आणि ताशेऱ्यावर सोडण्यात आले. परंतु त्या संमतिपत्राने उपस्थित केलेला प्रश्न दोन दशकांनंतरही तसाच आहे. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची किंमत नोकरीने किंवा प्रतिष्ठेने मोजावी लागते, त्याची संमती खरी कशी मानायची?

हा प्रश्न आता गोळीपुरता राहिलेला नाही. सैनिकाचे स्नायू, त्याची झोप, त्याची स्मृती आणि शेवटी त्याचा मेंदू यांची क्षमता वाढविण्यासाठी जगातील प्रमुख देश सार्वजनिक पैसा खर्च करीत आहेत. या खर्चाचा हिशेब मांडला, तर यश आणि अपयश यांचे एक विलक्षण चित्र समोर येते.

थकवा हाच शत्रू

सैनिकाला औषधांनी ताजेतवाने ठेवण्याचा प्रयत्न नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याला ‘परव्हिटिन’ या नावाने मेथअॅम्फेटामाइनच्या गोळ्या वाटल्या जात. १९४० मधील एप्रिल ते जुलै या काळातच अशा सुमारे साडेतीन कोटी गोळ्या सैन्याकडे गेल्या. ब्रिटन आणि अमेरिका यांनी ‘बेन्झेड्रिन’चा आधार घेतला. १९९१ च्या आखाती युद्धात फ्रेंच सैन्याने मोडाफिनिल वापरले. अमेरिकेच्या हवाई दलाने २००३ मध्ये त्याला मान्यता दिली.

या सगळ्याला संशोधनाच्या शिस्तबद्ध कार्यक्रमाचे रूप दिले ते अमेरिकेच्या ‘डार्पा’ने. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यानंतर, असा धक्का पुन्हा बसू नये म्हणून १९५८ मध्ये ही संस्था स्थापन झाली. इंटरनेटची पूर्वज असलेली ‘अर्पानेट’ ही तिचीच देणगी. डार्पाला स्वतःच्या प्रयोगशाळा नाहीत. सुमारे शंभर कार्यक्रम व्यवस्थापक तीन ते पाच वर्षांच्या मुदतीवर येतात, एखादे जवळजवळ अशक्य वाटणारे उद्दिष्ट ठरवितात आणि विद्यापीठे व खासगी कंपन्यांना टप्प्याटप्प्याने पैसा देतात. टप्पा गाठला नाही, की पैसा थांबतो. वार्षिक तरतूद चार अब्ज डॉलरच्या आसपास असली, तरी अमेरिकेच्या एकूण संरक्षण खर्चापुढे ती किरकोळच म्हणावी लागेल.

या शतकाच्या प्रारंभी डार्पाची नजर सैनिकाच्या शरीराकडे वळली. यंत्रे अधिकाधिक सरस होत आहेत, त्या साखळीतील दुबळा दुवा आता माणूसच आहे, असा त्यामागचा विचार होता. सैनिकाला सलग सात दिवसांपर्यंत झोपेविना कार्यक्षम ठेवण्याचे उद्दिष्ट एका कार्यक्रमाने समोर ठेवले. त्यातून ‘सीएक्स-७१७’ नावाच्या रसायनाची चाचणी झाली. झोप न मिळालेल्या माकडांची कामगिरी त्याने सुधारली. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. माणसांवरील चाचणीत मात्र तो परिणाम दिसला नाही आणि झोपेला पर्याय सापडल्याची चर्चा विरून गेली.

तुलनेने साधे वाटणारे काही प्रयोग अधिक फलदायी ठरले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी डार्पाच्या मदतीने तळहात थंड करणारा हातमोजा विकसित केला. तळहातातून शरीरातील उष्णता वेगाने बाहेर जाते, या शरीरशास्त्रीय तत्त्वावर तो चालतो. शरीर थंड राहिले की थकवा उशिरा येतो. शरीराशी झुंज घेण्यापेक्षा त्याच्या रचनेशी जुळवून घेणारे तंत्रज्ञान टिकते, हा धडा पुढेही अनेकदा मिळाला.

पोलादी सांगाड्याची कहाणी

क्षमतावर्धनाचे सर्वांत गाजलेले साधन म्हणजे एक्झोस्केलेटन, अर्थात अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा. त्यामागची गरज खरी आहे. अफगाणिस्तानात अमेरिकी पायदळाच्या जवानाला लांबच्या चालीत सुमारे ४५ किलोचे ओझे वाहावे लागत असल्याचे २००३ मधील पाहणीत दिसून आले होते. गुडघे आणि पाठ यांच्या दुखण्याने निकामी होणारे जवान हा कोणत्याही सैन्याचा कायमचा प्रश्न असतो.

पहिला मोठा प्रयत्न १९६० च्या दशकातला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने अमेरिकी सैन्याच्या पैशातून ‘हार्डिमन’ बनविला. त्याचे वजन सुमारे ६८० किलो भरले. संपूर्ण यंत्र चालू केले की ते बेभानपणे हलू लागे. अखेर त्याच्या एकाच हातावर काम मर्यादित राहिले आणि प्रकल्प गुंडाळला गेला. डार्पाने २००१ मध्ये हा विषय पुन्हा हाती घेतला. पाच वर्षांसाठी पाच कोटी डॉलर ठेवण्यात आले. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००४ मध्ये ‘ब्लीक्स’ हे यांत्रिक पाय सादर केले. युटा राज्यातील सार्कोस कंपनीने संपूर्ण शरीराचा सांगाडा तयार केला. २००७ मध्ये रेथिऑन या शस्त्रास्त्र कंपनीने सार्कोस विकत घेतली आणि २०१० मध्ये सुधारित आवृत्ती सादर केली. ती जड वस्तू लीलया उचले, पण ऊर्जेसाठी तिला बाहेरील यंत्राला जोडलेली नळी लागे. नळी जिथवर पोहोचेल तिथवरच सैनिक बलवान, अशी ही गंमत होती.

तरीही उत्साह ओसरला नाही. अमेरिकी विशेष दलांचे प्रमुख अॅडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांनी २०१३ मध्ये ‘टॅलोस’ या चिलखती पोशाखाची घोषणा केली. गोळी अडविणारा, बळ देणारा आणि माहिती पुरविणारा पोशाख पाच वर्षांत तयार करण्याचा निर्धार होता. वृत्तपत्रांनी त्याला ‘आयर्न मॅन’चा पोशाख ठरविले. २०१९ मध्ये, घोषणेप्रमाणे लढाईत वापरता येईल असा एकसंध पोशाख बनविणे शक्य नाही, हे मान्य करून प्रकल्प थांबविण्यात आला. त्यातले सुटे भाग तेवढे अन्यत्र वापरण्याचे ठरले.

अडचण कल्पनेची नव्हती, भौतिकशास्त्राची होती. यंत्राला बळ हवे तर बॅटरी मोठी हवी. बॅटरी मोठी झाली की वजन वाढते आणि वजन पेलायला पुन्हा बळ लागते. शिवाय माणसाची चाल ही लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीतून घासूनपुसून तयार झालेली क्रिया आहे. यंत्राचा ठेका तिच्याशी किंचितही चुकला, तर ओझे हलके होण्याऐवजी दमछाक वाढते. अमेरिकी लष्कराच्या नेटिक येथील प्रयोगशाळेने अशा एका सांगाड्याची चाचणी घेतली, तेव्हा तो घातलेल्या जवानांना अधिक प्राणवायू लागत असल्याचे आढळले. सार्कोसचा शेवटही बोलका आहे. रेथिऑनपासून वेगळी झालेली ही कंपनी २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरली. २०२३ च्या अखेरीस तिने यंत्रनिर्मिती थांबवून सॉफ्टवेअरचा मार्ग धरला आणि पुढे नावही बदलले.

जखम भरणे आणि बळ वाढविणे

या गुंतवणुकीला केवळ उधळपट्टी म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. इराक आणि अफगाणिस्तान येथील युद्धांत दीड हजारांहून अधिक अमेरिकी सैनिकांनी हात किंवा पाय गमावले. हातासाठी उपलब्ध असलेला धातूचा आकडा मात्र जवळजवळ पहिल्या महायुद्धाच्याच काळातला होता. डार्पाने २००६ मध्ये कृत्रिम हातांचा कार्यक्रम सुरू केला. त्यातून घडलेल्या ‘डेका’ हाताला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मान्यता दिली. हा हात अंडे न फोडता उचलू शकतो. हार्वर्ड विद्यापीठाने डार्पाच्याच पैशातून सैनिकांसाठी मऊ कापडी ‘सूट’ विकसित केला. त्याच संशोधनातून पक्षाघाताच्या रुग्णांना चालण्याचा सराव देणारे उपकरण निघाले आणि २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

जखमी सैनिकाला पुन्हा उभे करणे हे सैन्याचे कर्तव्यच आहे आणि ते महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यातील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून हेच काम करीत आले आहे. येथे कोणाला नैतिक पेच पडत नाही. पेच सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. गमावलेली क्षमता परत देणारे तंत्रज्ञान आणि मुळात नसलेली क्षमता देणारे तंत्रज्ञान बहुधा एकच असते.

याचे उदाहरण डार्पाच्या तत्कालीन संचालक आरती प्रभाकर यांनीच २०१५ मध्ये सांगितले होते. दिल्लीत जन्मलेल्या प्रभाकर २०१२ ते २०१७ या काळात या संस्थेच्या प्रमुख होत्या. पिट्सबर्ग येथील एका महिलेचे हातपाय आजाराने लुळे पडले होते. तिच्या मेंदूत बसविलेल्या विद्युत्-अग्रांच्या मदतीने ती केवळ विचाराने यांत्रिक हात चालवू लागली. तिने स्वतःच्या हाताने, म्हणजे त्या यंत्रहाताने, चॉकलेट खाल्ले. त्यानंतर तिला एफ-३५ या लढाऊ विमानाच्या आभासी उड्डाणयंत्राशी जोडण्यात आले आणि तिने विचाराने विमान चालविले. प्रयोग तिच्या पूर्ण इच्छेने झाला आणि तिने त्याचा आनंदही घेतला. पण चॉकलेट ते लढाऊ विमान हे अंतर किती कमी आहे, हेही त्या दिवशी स्पष्ट झाले.

मेंदूच्या दाराशी

तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी एप्रिल २०१३ मध्ये मेंदूच्या संशोधनाचा राष्ट्रीय उपक्रम जाहीर केला. पहिल्या वर्षाच्या सुमारे दहा कोटी डॉलरपैकी जवळजवळ निम्मा वाटा डार्पाचा होता. २०१४ मध्ये संस्थेने जैविक तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभागच उघडला. स्मृती परत मिळवून देण्याच्या एका कार्यक्रमात, अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत आधीच अग्रे बसविलेल्या रुग्णांवर प्रयोग झाले. त्यांची अल्पकालीन स्मृती सुमारे एक तृतीयांशाने सुधारल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी ही आशादायक बातमी होती.

त्याच वर्षी आलेला ‘एन-३’ हा कार्यक्रम मात्र रुग्णांसाठी नव्हता. शस्त्रक्रियेविना मेंदूशी दुतर्फा संवाद साधणारी साधने धडधाकट सैनिकांसाठी तयार करणे, हे त्याचे घोषित उद्दिष्ट होते. ड्रोनच्या थव्यावर किंवा संगणकीय संरक्षण यंत्रणांवर विचाराने नियंत्रण ठेवणे, असे त्याचे संभाव्य उपयोग सांगण्यात आले. मे २०१९ मध्ये सहा गटांना निधी मिळाला. उपचार हे निमित्तही आता उरले नव्हते. २०१९ मध्येच अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका अभ्यासगटाने २०५० पर्यंतच्या ‘सायबोर्ग’ सैनिकाचा अंदाज मांडला. दृष्टी, श्रवण, स्नायूंचे नियंत्रण आणि मेंदूशी थेट जोडणी ही चार क्षेत्रे त्यांनी निवडली. समाज अशा माणसाला कसा स्वीकारेल, याचा अभ्यास करण्याची सूचनाही त्यांना करावी लागली.

‘ते करतात म्हणून’

अशा खर्चाचे समर्थन बहुतेक वेळा एकाच वाक्यात केले जाते : आपण केले नाही, तर शत्रू करील. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांचे तत्कालीन प्रमुख जॉन रॅटक्लिफ यांनी डिसेंबर २०२० मध्ये एका लेखात, चीनने सैनिकांची जैविक क्षमता वाढविण्यासाठी मानवी चाचण्या केल्याचा आरोप केला. चीनने तो फेटाळला. आरोपासोबत जाहीर पुरावा देण्यात आला नव्हता. वर्षभराने अमेरिकेने चीनच्या लष्करी वैद्यकीय विज्ञान अकादमीसह तिच्या अकरा संशोधन संस्थांवर व्यापारी निर्बंध घातले. शीतयुद्धात क्षेपणास्त्रांची संख्या अशाच संशयातून फुगत गेली होती. फरक इतकाच, की क्षेपणास्त्रे मोजता येतात. मेंदूत काय बसविले आहे, ते उपग्रहाला दिसत नाही.

युरोपने निराळे पवित्रे घेतले. ब्रिटन आणि जर्मनीच्या संरक्षण खात्यांनी मे २०२१ मध्ये संयुक्त अहवाल काढला. माणसाकडे ‘प्लॅटफॉर्म’ म्हणून, म्हणजे रणगाडा किंवा विमान यांच्यासारखा सुधारता येणारा पाया म्हणून, पाहण्याची भाषा त्यात होती. फ्रान्सने त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, संरक्षण खात्याच्या नीतिमत्ता समितीचे मत जाहीर केले. संशोधन सुरू ठेवावे. मात्र सैनिकाच्या इच्छाशक्तीवर घाला घालणारे किंवा त्याला नागरी जीवनात परतणे अशक्य करणारे बदल करू नयेत, असे समितीने सांगितले. तत्कालीन मंत्री फ्लोरन्स पार्ली यांनी त्याचे सार चित्रपटांच्या भाषेत मांडले : आयर्न मॅनचे चिलखत चालेल, स्पायडरमॅनची जनुकीय उलथापालथ नको. चिलखत संध्याकाळी उतरवून ठेवता येते, हा या भेदाचा गाभा आहे.

सही कोणाची, देह कोणाचा?

उतरवून ठेवता न येणाऱ्या गोष्टींचा अनुभव सैनिकांनी घेतलेला आहे. १९९१ च्या युद्धात इराककडून विषारी वायूचा हल्ला होईल, या भीतीने सुमारे अडीच लाख अमेरिकी सैनिकांना पिरिडोस्टिग्माइन ब्रोमाइडच्या गोळ्या देण्यात आल्या. या उपयोगासाठी औषधाला तेव्हा मान्यता नव्हती. रणांगणावर प्रत्येकाची संमती घेणे व्यवहार्य नाही, असे सांगून संरक्षण खात्याने १९९० मध्येच नियमातून सूट मिळविली होती. युद्धानंतर हजारो सैनिकांना थकवा, वेदना, विस्मरण असे त्रास सुरू झाले. अमेरिकी संसदेने नेमलेल्या सल्लागार समितीने २००८ मध्ये या आजाराचा संबंध त्या गोळ्या आणि कीटकनाशके यांच्याशी जोडला. मधल्या सतरा वर्षांत, हा सारा मनाचा खेळ आहे, असे अनेकांना ऐकावे लागले होते.

१९९९ च्या आदेशाने संमतीविना असे औषध देण्याचा निर्णय केवळ राष्ट्राध्यक्षांच्या हाती ठेवला गेला. अॅन्थ्रॅक्सच्या सक्तीच्या लसीकरणाला विरोध करणाऱ्या सैनिकांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. २००४ मध्ये न्यायालयाने ती सक्ती बेकायदा ठरविली, तोवर अनेकांची कारकीर्द संपली होती. मान्यतेची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर पुढे लस पुन्हा सक्तीची झाली.

गोळीचा परिणाम कधीतरी ओसरतो. मेंदूतील यंत्राचे काय? सैनिक चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. त्याच्या डोक्यातील यंत्र सरकारच्या मालकीचे की त्याचे? त्याची देखभाल कोण करणार? यंत्राने नोंदविलेली माहिती कोणाची? नागरी क्षेत्रातील एक उदाहरण सावध करणारे आहे. अंधांना अंशतः दृष्टी देणारे ‘आर्गस-२’ हे उपकरण जगभर साडेतीनशेच्या आसपास रुग्णांच्या डोळ्यांत बसविले गेले. २०१९ पासून कंपनीने ते आवरते घेतले. सुटे भाग आणि दुरुस्ती मिळेनाशी झाल्यावर काही रुग्णांच्या डोळ्यांत निकामी यंत्र तेवढे उरले. कंपनीचा ताळेबंद मिटतो, शरीर मात्र मागे राहते. सार्कोससारख्या कंपन्यांचा प्रवास पाहिला, तर ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्यातही येथे पोकळी आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्यातील ३६ वे कलम, प्रत्येक नवे शस्त्र कायद्याच्या कसोटीवर तपासण्यास सांगते. पण क्षमता वाढविलेला सैनिक हा शस्त्र मानायचा की माणूस? शस्त्र मानला तर त्याचे माणूसपण संकटात येते. माणूस मानला तर त्याच्या शरीरातील यंत्र तपासणीतून निसटते. शिवाय अमेरिका आणि भारत या दोघांनीही हा मसुदा स्वीकारलेला नाही.

भारताची पावले

भारताची गरज वेगळी आहे आणि खडतरही. सियाचीनसारख्या उंचीवर शत्रूपेक्षा विरळ हवा आणि थंडी अधिक बळी घेतात. तेथे पाठीवरचा प्रत्येक किलो जाणवतो. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या (डीआरडीओ) बेंगळुरू येथील जैव-अभियांत्रिकी प्रयोगशाळेत एक्झोस्केलेटनवर काम सुरू आहे. एप्रिल २०२३ मध्ये या विषयावर बेंगळुरूतच आंतरराष्ट्रीय कार्यशाळाही भरली होती. दिल्लीतील शरीरक्रियाशास्त्राची प्रयोगशाळा अतिउंचीवरील जवानांच्या प्रकृतीचा दीर्घकाळ अभ्यास करीत आहे. भर आहे तो ओझे हलके करण्यावर आणि शरीर जपण्यावर. फ्रान्सच्या भाषेत सांगायचे, तर हे सारे अजून चिलखताच्या बाजूचे काम आहे.

हीच वेळ नियम ठरविण्याची आहे. तंत्रज्ञान हाती येण्याआधी घातलेल्या मर्यादा पाळल्या जातात. हाती आल्यानंतर त्या अडथळा वाटू लागतात. सैनिकाला कोणतेही कारण न देता नकार देता यावा, नकाराची नोंद त्याच्या बढतीच्या आड येऊ नये, बसविलेले साधन काढता येण्याजोगे असावे आणि निवृत्तीनंतरच्या वैद्यकीय जबाबदारीची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच असावी, एवढ्या चार गोष्टी तरी संशोधनाच्या करारांत लिहिल्या जायला हव्यात. त्यासाठी नवा शोध लागत नाही, इच्छा लागते.

पावशतकातील खर्चाचा लेखाजोखा पाहता, अजिंक्य सैनिक काही कोणाला घडविता आलेला नाही. त्या प्रयत्नातून अंडे अलगद उचलणारा हात मिळाला, चालायला मदत करणारा सूट मिळाला. त्याच काळात विनासंमती दिलेल्या गोळ्यांचे परिणाम भोगणारे सैनिकही होते आणि त्यांना दाद मिळायला सतरा वर्षे लागली. सैनिक देशासाठी प्राण पणाला लावतो, हे त्याने वर्दी चढविताना मान्य केलेले असते. आपला मेंदूही त्याने त्याच सहीने सरकारजमा केला आहे, असे गृहीत धरण्याचा अधिकार मात्र कोणत्याही लोकशाहीला अजून कोणी दिलेला नाही.